भरीत आणि समकालीन

आमच्या नाट्यमंडळाने एका नामवंत नाटककाराला जळगावात व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला होता, 'मला भेटलेले थोर समकालीन'. व्याख्यान संपेपर्यंत त्यातला एकही थोर उरला नाही. एका बुजुर्ग नाटककाराला तर त्यांनी अक्षरशः सोलून काढलं.

दुसऱ्या दिवशी हेच व्याख्यान धुळ्यात होतं. मी त्यांना माझ्या गाडीतून नेत होतो आणि त्या बुजुर्गांची सालं अजून निघतच होती. माझं डोकं उठलं. एरंडोलजवळ माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं शेत आहे. मंडळाचे पाहुणे तिच्याकडे भरीत खाल्ल्याशिवाय सुटत नाहीत. तिथे गाडी वळवली.

पहिल्याच घासाला पाहुण्यांचे कान लाल झाले. त्यांनी दही मागितलं. मी अगदी साळसूदपणे म्हटलं, "त्या बुजुर्गांनी इथे दह्याला हातही लावला नव्हता. उलट भरीत मागून घेतलं."

पाहुण्यांनी दह्याची वाटी लांब सरकवली. डोळ्यांतून धारा लागल्या, तरी भरीत दोनदा मागून घेतलं. शेवटी नाक पुसत त्यांनी अक्काला विचारलं, "ते कधी येऊन गेले?"

अक्का म्हणाली, "त्या तं अजून येलच नहीत! पुढला महिनामा येतीन."

मी मान खाली घालून भाकरी मोडू लागलो. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्काकडे.

"आले की त्यांना सांगा, मी दह्याशिवाय खाल्लं," ते म्हणाले. "आणि मिरची एवढीच ठेवा. एकही कमी नको."