रोलरवर ज्याचा पाय, त्याचं गाणं

आत्याने ओल्या चादरीची दोन टोकं झटकली, गरम रोलरच्या तोंडात सरकवली आणि पायाखालचा खटका दाबला. स्पीकरवर ड्रम बडवणं चालू होतं आणि त्यावर एक पोरगा श्वास न घेता बडबडत होता. आत्याचा पाय त्याच तालात, मान पण त्याच तालात. वय वर्षं एकोणसाठ.

मी रोलरच्या दुसऱ्या बाजूला चादरी ओढून घड्या घालते. नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळे डोकं धरून बसले होते. आत्या एकटीच म्हणाली, "चल माझ्याबरोबर, धुलाईत हात लागतात." तेव्हापासून तिला कुणी काही बोललं की माझं टाळकं सरकतं.

आणि बोलायचे तर सगळेच. आमच्या धुलाईत रीत अशी की रोलरवर ज्याचा पाय, त्याचं गाणं. कारण खटका सोडला की रोलर थांबतो. जास्त वेळ थांबला तर आतली चादर करपते. पाय तालात पाहिजे. वीस वर्षं आत्या संथ, रडकी गाणी लावायची, आणि पाय चुकू नये म्हणून मधल्या मधे तोंडानेच ताल धरायची. दोन वर्षांपूर्वी तिला ही धडधड आवडायला लागली आणि सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

आतेभावाने हेडफोन आणून दिले. "घे आई, निदान लोकांना तरी त्रास नको." माझी आई म्हणायची, "वन्सं, तुम्ही किती गोड ऐकायचात आधी!"

त्यावर आत्या खो खो हसली. "गोड? विसाव्या वर्षी तेच ऐकत बसायचे तर बाबा ओरडायचे, तरण्याताठ्या पोरीला हे रडगाणं कशाला म्हणून! तेव्हा मी म्हातारी, आता मी पोरकट. माझं वय नेमकं कधी बरोबर होतं, ते तरी सांगा."

शेवटी मुकादम उठला. कामाला चांगला माणूस, पण कुणी काय ऐकावं हे त्याला विचारूनच ठरायला हवं असं त्याला वाटतं.

"मावशी, तुमच्या वयाला शोभेल असं काहीतरी शांत लावा."

"मेल्यावर शांतच आहे की सगळं."

"मग रोलर सोडा. भिजवणीत जा."

भिजवणी म्हणजे दिवसभर गुडघ्याएवढ्या पाण्यात. आत्याचे गुडघे आधीच बोंबलत होते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आत्याने ॲप्रन सोडला, रबरी बूट चढवले आणि गेली. मी घडी फेकली तर दारातून ओरडली, "उचल ती! चादरीने काय केलंय तुझं?"

रोलरवर मुकादम स्वतः उभा राहिला. गाणं लावलं बासरीचं. लांबलचक सूर, मधे मोठ्ठी शांतता. त्या शांततेत त्याचे डोळे मिटले आणि पाय वर आला. माझ्या हातात चादर आली ती मधोमध पिवळ्या पट्ट्याची. मग दुसरी. तिसरीला तर धूर.

"वा!" मी म्हणाले. "नक्षी छान आलीय."

दुपारी तो भिजवणीच्या दारात गेला. "मावशी, रोलर घ्या परत. पण गाणं मी सांगेन ते."

"मग रोलर पण तूच ठेव." आत्याने वाकलेली मानसुद्धा वर केली नाही.

तेव्हा मात्र धुलाईतल्या बायका बिथरल्या. इस्त्रीवाला पण. मतं घ्या म्हणाले. कपड्यांची तुटलेली बटणं आमच्याकडे ढिगाने असतात. पांढरं म्हणजे आत्याचं गाणं, काळं म्हणजे मुकादमाचं. पाठीमागच्या खोलीत खळीचा रिकामा डबा ठेवला, जाऊन टाकून यायचं. मुकादमाने स्वतः टाकलं नाही. "नंतर माझ्याच नावाने शंख कराल."

त्याने डबा टेबलावर उपडा केला. पांढरी, पांढरी, सगळी पांढरी! काळं एकच. इस्त्रीवाल्याने शिट्टी मारली. मुकादमाने स्वतः जाऊन स्पीकरचं बटण फिरवलं, तेही मोठ्या आवाजावर. आत्या ओल्या बुटांनीच चढली रोलरवर. त्या दुपारी आम्ही घड्या घातल्या नाहीत, नाचलोच. चादर एक करपली नाही.

माझ्या डोक्यातून ते काळं बटण मात्र जाईना. मी मनात पक्कं केलं, ते टाकणारी आमची रफूवालीच. तीच म्हणायची, कान किटले म्हणून. मी तिच्याशी बोलणं सोडलं, डब्याला डबा लावून जेवणं सोडलं. कितीतरी महिने. एकदा ती सुई मागायला आली तर म्हटलं, "काळ्या बटणालाच माग."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बास झालं तुझं. डब्यापाशी तुझ्या आत्याच्या मागेच होते मी. काळं तिनेच टाकलं. मी हात धरला तर म्हणाली, माझ्या एका मतावाचून अडणार असेल, तर नकोच मला ते गाणं."