काय न्हाय, मागनं सांगते

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, इचलकरंजीत उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर काढली आणि त्या खडखडाटात कान घालवले. कोल्हापुरात घर केलं तोवर त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पण गडी वस्ताद. समोरचा बोलून थांबला की हसायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, ‘व्हय, व्हय, लई झ्याक.’ दहातल्या नऊ वेळा निभावून जाई.

दहावी वेळ ताईच्या लग्नात आली. बुंदी संपली आणि वरपक्षाची शेवटची पंगत गोडाविना उठली. पेठ वडगावचे आमचे व्याही तरातरा आबांसमोर आले आणि तोंडाला येईल ते बोलले. आबा हसले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘व्हय, व्हय, लई झ्याक.’

त्यानंतर व्याही आमची पायरी चढले नाहीत. सोयरीक जमवताना आम्ही ‘जरा कमी ऐकू येतं’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्यांचा आवाज तर सगळ्या मांडवानं ऐकला होता. ह्या माणसानं ऐकून थट्टा केली, असंच त्यांना वाटलं. व्याही रुसलेत एवढंच आबांना कळत होतं, कशावरून ते ठाऊक नव्हतं. ते लग्नाची सीडी लावत, व्याह्यांच्या तोंडाशी आली की थांबवत आणि विचारत, ‘काय म्हनत्यात?’ आम्ही विषय बदलायचो. त्याची मला आज लाज वाटते, तेव्हा नुसता कंटाळा यायचा.

चार वर्षांनी मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट घेतला : माणसाचं बोलणं ओळखून संगणकानं ते चित्राखाली मराठीत लिहायचं. कर्णबधिरांसाठी म्हटलं की सर खूश होतात, हेही मनात होतं. यंत्राला शिकवायचं तर एकेक वाक्य शेकडो वेळा ऐकवावं लागे. म्हणून घरात रोज बोलली जाणारी वाक्यं निवडली. ‘चहा झाला का’, ‘लाईट गेली’, ‘दूधवाला आला’, ‘काय न्हाय आबा, मागनं सांगते.’

आवाज द्यायला गल्ली बोलावली. माईक दिसला की प्रत्येकाला सभा दिसे. शेजारचे काका, ज्यांनी म्हशीला हाक मारली तर पंचगंगेपलीकडे जाईल, ते फेटा बांधून आले आणि खाकरून म्हणाले, ‘उपस्थित बंधू-भगिनींनो, लाईट गेलेली आहे.’ काकू चहाचं विचारताना पदर तोंडाला लावून बसल्या. त्यातलं काही कामाचं नव्हतं. शेवटी बाहेरचा गलका नको म्हणून गोधडी पांघरून मीच घसा बसेपर्यंत बोलले. त्यामुळे यंत्र शिकलं, पण माझ्या एकटीचाच आवाज शिकलं.

परीक्षेआधी घरी चाचणी घेतली. आबा इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसले. लग्नाची सीडी सुरू झाली. भटजींनी मंगलाष्टक उचललं आणि खाली आलं, ‘दूधवाला आला.’ अक्षता पडताना ‘लाईट गेली.’

‘लाईट गेलती?’ आबांनी आईला विचारलं. आईनं कपाळावर हात मारला.

मग व्याही आले. हात नाचवत बोलू लागले. खाली उमटलं, ‘चहा झाला का, चहा झाला का, चहा झाला का.’

‘चहासाठी चार वर्सं रुसलाय?’ आबा म्हणाले.

पडद्यावरचे आबा हसले, पाठीवर थाप मारून कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे वळले आणि हातानं ‘काय?’ असं विचारू लागले. ती मुलगी मी. आणि सबंध सीडीत एकच ओळ अक्षर न चुकता उमटली : ‘काय न्हाय आबा, मागनं सांगते.’

आबांनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळले.

‘सांग की मग आता.’

 मी कागद घेतला आणि बुंदीचं सगळं लिहून दिलं, शिव्या तेवढ्या गाळून.

‘एवढ्याला हात एवढा नाचत न्हाय,’ आबा म्हणाले. मग शिव्यांसकट लिहिलं. त्यांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. ‘आनि मी हसलो,’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही वडगावला गेलो. आबांच्या हातात बुंदीचा डबा, माझ्या हातात वही. आबांनी बजावलं होतं, एक शब्द गाळायचा न्हाय. व्याह्यांनी दारातच तोफ डागली. मी भराभर लिहू लागले.

‘हे काय चाललंय?’ व्याही म्हणाले.

‘आबांना काहीच ऐकायला येत नाही, मामा. जरासुद्धा नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. मी लिहिते, ते वाचतात.’

 व्याही खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून, मला लिहून घेता यावं म्हणून, सावकाश शिव्या दिल्या.

आबांनी पान वाचलं. हसले नाहीत. ‘चुकलं माझं, पाव्हणं,’ म्हणाले.

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पुढचं स्वतःच लिहायला लागले. दुपारपर्यंत वही त्या दोघांतच फिरत होती. मला कुणी दाखवली नाही.