सूर्याआधीची सावली

मी कुणाच्या देवात पडत नाही. माझ्या घरी बुद्धाची एक तसबीर आहे, तिच्यापुढे मेणबत्ती लावते, पण तिच्याकडे काही मागत नाही. जग कुणी केलं, किती दिवसांत केलं, असले प्रश्न मला कधी पडले नाहीत. महाडच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि मला पडलेला सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, मुलं झाडाची सावली काढायला का विसरतात? झाड काढतात, वर कोपऱ्यात सूर्य काढतात, आणि सावली नाही! मग ते झाड उभं न दिसता चिकटवल्यासारखं दिसतं. यावरून मी किती कान पिळले असतील ते देव जाणे. हे आपलं सवयीचं बोलणं, धरून बसू नका.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. नोकरीसाठी महाडला आले आणि इथलेच झाले. बायको वारली, मुलगा परदेशात. निवृत्त झाल्यावर त्यांचा खरा जीव होता तो एकाच गोष्टीत. रविवारी प्रार्थनेनंतर ते मुलांना तासभर त्यांच्या ग्रंथातल्या गोष्टी सांगत. नऊ मुलं. एमआयडीसीतल्या कामगारांची, दवाखान्यातल्या नर्सची, अशी बाहेरगावाहून आलेल्या घरांतली. आधी त्यांची प्रार्थना महाडच्या बाजारपेठेत भरायची. दोनदा पुराचं पाणी शिरलं, तेव्हा त्यांनी पोलादपूरला हायवेलगत टायरच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेतला. सर दर रविवारी सकाळची एसटी पकडून जायचे. पिशवीत खडू, पुठ्ठ्याची जनावरं, लिमलेटच्या गोळ्या. सोमवार ते शनिवार हा माणूस कुणाशी धड बोलायचा नाही, आणि रविवारी दुपारी परत आला की माझ्या ओटीवर बसून नऊच्या नऊ मुलांच्या नकला करून दाखवायचा. मी मनात म्हणायचे, हा तास आहे म्हणून हे चालतेफिरते आहेत.

हॉलची भिंत रंगवायची कल्पना सरांचीच. जग निर्माण झालं ते सात दिवस, सात चौकटींत. मुलांना बघता येईल. आमच्या विहाराची भिंत मी रंगवलेली त्यांना माहीत होती.

"बाई, तुम्हीच करायचं," म्हणाले.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचं काय त्यात? मी सांगतो, तुम्ही काढा."

कसलं काय! सांगणारे ते एकटे असते तर काम चार दिवसांत उरकलं असतं. पहिल्याच शनिवारी बघते तर मला सांगायला चौघं हजर.

त्यात मुख्य म्हणजे त्यांच्या मंडळीतले एक वडीलधारे, केमिकल कारखान्यात ऑपरेटर. माणूस भला. पुरात छातीइतक्या पाण्यातून सरांची बीपीची औषधं यांनीच आणून दिली होती. पण बोलणं एकदम शिफ्टच्या घड्याळासारखं. त्यांचं म्हणणं, दिवस म्हणजे चोवीस तासांचा दिवस, आणि असे सहा. सातव्या दिवशी सुट्टी. दर चौकटीत एका बाजूला संध्याकाळ आणि दुसऱ्या बाजूला सकाळ दाखवा, म्हणजे कुणाला शंका नको. महिन्यातून एकदा मुंबईहून वीर स्टेशनला उतरून रिक्षानं येणारे त्यांचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले, चोवीस तासांचं काही नाही, देवाचा एक दिवस म्हणजे आपली लाखो वर्षंही असतील. फक्त माणूस मात्र देवानं वेगळा, स्वतःच्या हातानं घडवला, तेवढं नीट दाखवा. दवाखान्यातली नर्स केरळची, कॅथलिक. तिचं चर्च लांब पडतं म्हणून इथे यायची. तिनं तर हातच झटकले. "आमच्याकडे फादर एवढं टेन्शन घेत नाय. देवाने केलं. कसं केलं ते सायन्सवाले बघतील."

सर खडूचे तुकडे गोळा करत बसले. त्यांनी शाळेत तीस वर्षं उत्क्रांती शिकवली होती, आणि ती नुसती पुस्तकात आहे म्हणून नव्हे. हे मला माहीत होतं. तिथे सगळ्यांनाच माहीत असावं. पण कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि त्या न विचारण्यावर इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं.

"अहो, शेवटी मी काढू काय?" मी ब्रश आपटला.

मग असं ठरलं की घड्याळ नको, आकडे नकोत, नुसती चित्रं काढा.

पहिल्या चौकटीत उजेड, दुसरीत आकाश आणि पाणी. तिसरीत जमीन आणि झाडं. इथे मात्र मी मनापासून रंगवलं. आंबा, फणस, एक मोठा वड, पाचाडच्या बाजूला असतात तशी भाताची खाचरं. टायरवाला वर चहा घेऊन आला आणि बघतच राहिला. "झाड कसलं झ्याक हाय गो बाय! खाली बसावंसा वाटतंय." मी खूश. एवढं कौतुक हेडमास्तरांनी कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात ऑपरेटर आले. चौकटीसमोर उभे राहिले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले.

"बाई, ही सावली कसली?"

"वडाची."

"सूर्य कुठाय?"

मी चौथ्या चौकटीकडे बोट दाखवलं. ती अजून कोरी होती. आणि मग माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या हिशेबानं झाडं तिसऱ्या दिवशी, सूर्य-चंद्र-तारे चौथ्या. सूर्य व्हायच्या आधीच मी वडाला सावली पाडून मोकळी झाले होते! तीस वर्षांची खोड, दुसरं काय?

चूक माझी होती. तिथेच गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण माझ्या सावलीला कुणी बोट लावलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी म्हटलं, "उजेड पहिल्या दिवशी झालाय ना? मग उजेड आला की सावली आलीच."

ऑपरेटरांनी विचार केला. खरंच केला, उगाच वाद घालणारे ते नव्हेत. "उजेड होता, पण तो एका बाजूनं नव्हता," ते म्हणाले. "सगळीकडून होता. म्हणून सावली नाही."

नर्सला हसू फुटलं. आणि सर, जे दोन शनिवार तोंडाला कुलूप घालून बसले होते, ते एकदम बोलून गेले, "अहो, ते काय एसटीचं वेळापत्रक आहे का?"

नर्सचं हसू तिथेच थांबलं.

"मग काय आहे, सर?" ऑपरेटरांनी शांतपणे विचारलं.

"कुणी केलं ते सांगितलंय. कसं केलं, केव्हा केलं, ते नाही."

"आणि माणूस?"

सरांना अजूनही टाळता आलं असतं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माणूसही तसाच आला. आधीच्या प्राण्यांतून, हळूहळू. देवानंच आणला, माझी खात्री आहे. पण हळूहळू."

ऑपरेटर संतापले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सर, मी दारूत बुडालो होतो, तुम्हाला ठाऊक आहे. या ग्रंथानं मला वर काढलं. आता तुम्ही म्हणता, पहिलं पान जसं लिहिलंय तसं नाही. मग ज्या पानानं मला वाचवलं, ते तरी तसं आहे हे कशावरून?"

मी ब्रश धुवायला घेतला. सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढच्या महिन्यात पाळक आले तेव्हा हा विषय निघाला. मुलांना कुणी काय शिकवायचं हा प्रश्न होता, आणि सातआठ घरांचं मत ऑपरेटरांच्या बाजूनं होतं. पाळक सगळ्यांना सांभाळून घेणारे. त्यांनी तोड काढली. सरांनी मुलांसमोर एकच वाक्य म्हणायचं, की शाळेत शिकवलं जातं ते परीक्षेपुरतं. बस्स. मग तास सरांचाच.

"म्हणून टाका की!" मी ओटीवरून वर ओरडले. "एका वाक्यानं काय जातंय?"

सर जिना उतरून खाली आले, पायरीवर बसले. "विचार करतो," म्हणाले. हातातल्या पिशवीत पुठ्ठ्याची जनावरं होती, ती काढून पुन्हा भरत बसले.

मला त्या दिवसांत फार वाईट वाटत होतं. उघड बोलायचं तर अपराधी वाटत होतं. शुक्रवारी मी गुपचूप पोलादपूरला गेले आणि वडाखालची सावली हिरव्या रंगानं भरून टाकली. झाड लगेच हवेत तरंगायला लागलं. मला बघवेना. टायरवाला म्हणाला, "काय केलास गो ह्या? बरा व्हता की!" मी त्याला काही सांगत बसले नाही. मला वाटलं होतं, सावली गेली की भांडण जाईल. असा वेडेपणा या वयात मी केला.

रविवारी मीही सरांबरोबर गेले. प्रार्थना झाली, नऊ मुलं पुढे सतरंजीवर बसली. त्यांत ऑपरेटरांची मुलगी सगळ्यात मोठी, दहावीतली. बाकीची लहान. पालक मागे उभे, आणि त्यांच्यात या रविवारी मुद्दाम पुन्हा आलेले पाळकही. सर उठले, चष्मा सारखा केला. ते वाक्य त्यांनी पाठ केलं होतं. एसटीत खिडकीकडे तोंड करून पुटपुटताना मी ऐकलं होतं. मनात म्हटलं, सुटलो.

"मुलांनो," सर म्हणाले, "मी शाळेत जे शिकवलं…" आणि थांबले. मग म्हणाले, "ते मला खरं वाटायचं, आणि अजून वाटतं. आणि आपला देवही मला खरा वाटतो. या दोन्हींचा मेळ कुणाला लागत नसेल तर त्याला मी बोल लावणार नाही. मलाही तो लागायला बरीच वर्षं लागली."

झालं! नर्सनं डोळे पुसले. पाळकांनी मान खाली घातली. ऑपरेटरांनी पुढे होऊन सरांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि पुढच्या रविवारपासून तास आपण स्वतः घेऊ, असं सांगितलं.

परत येताना मी सरांना नाही नाही ते बोलले. हट्टी, आढ्यताखोर, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. राजेवाडीचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "बाई, आयुष्यभर मुलांना सांगितलं, दुसऱ्याचं बघून लिहू नका. आता मीच कसं लिहू?"

तास गेला. नकला बंद झाल्या. पण सर पुढच्या रविवारी पुन्हा सकाळची एसटी पकडायला निघाले, तेव्हा मी जिन्यातच अडवलं. "अजून जाता तिथे? काही वाटत नाही?"

"वाटतं ना," ते म्हणाले. "पण जाऊ कुठे? माझी माणसं आहेत ती."

मंगळवारी मात्र कमाल झाली. सर दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेतात, आणि त्यांना जिना चढउतार करायला लावण्यापेक्षा माझ्या ओटीवर बसवतात. संध्याकाळी पाचला गेटपाशी मोटारसायकल थांबली. मागून ऑपरेटरांची मुलगी उतरली, हातात वही. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि उत्क्रांतीच्या धड्यावर नेमके जास्त गुण होते. ऑपरेटर आत आले नाहीत. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि गाडीवरच बसून राहिले. मी चहा विचारला, तर मानेनंच नको म्हणाले. मला आतून असा संताप आला की चहाचं भांडं तसंच गॅसवर आदळलं.

सरांनी सगळा धडा शिकवला. एक ओळ गाळली नाही, एक ओळ पदरची घातली नाही. मग मुलीला आकृती काढायला लावली. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, आणि सगळ्यांत तीच तीच हाडं. तिला रेघ छान होती. मी शेंगा सोलत बघत होते.

मनगटाशी आल्यावर तिनं पेन्सिल थांबवली. "सर, रविवारी तुम्ही परत कधी शिकवणार?"

"आता पप्पा शिकवतात ना तुझे."

"पप्पांना गोष्टी सांगता येत नाहीत," ती म्हणाली. "ते नुसतं वाचतात. लहान मुलं झोपतात."

मला वाटलं, आता तरी हा माणूस रागाचं एखादं अक्षर बोलेल. तो त्याचा हक्क होता.

"मग तू सांगत जा," ते म्हणाले. "तुला सगळ्या पाठ आहेत. वर चल, तुला जनावरांची पिशवी देतो. आधी बोटांची हाडं पुरी कर."

आमच्या ओटीवरचं गेटपर्यंत स्वच्छ ऐकू जातं. शिकवणी सुटायला अजून अर्धा तास होता, तरी ऑपरेटरांनी हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं आणि गाडी सुरू न करताच काच खाली ओढली.