बाई वर बघतात

आमच्या कार्यशाळेत नारळाच्या हिरांचे खराटे बनतात आणि किस्से बनतात. खराटे विकले जातात. किस्से मात्र साठत जातात, मग ते अधूनमधून कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. आज तुमची पाळी!

कार्यशाळा रत्नागिरीत आहे आणि तिथे येणारी सगळी वयाने मोठी माणसं आहेत. सरकारी भाषेत त्यांना बौद्धिक दिव्यांग म्हणतात. लोक काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, उगाच माझं डोकं फिरेल. त्यांना शिकवणं हे माझं पगाराचं काम. बिनपगारी काम म्हणजे इतरांना शिकवणं. कारण लोक यांच्याशी बोलतच नाहीत, माझ्याशी बोलतात. "याचं नाव काय हो?" अरे, तो समोर उभा आहे ना! शेवटी मी नियमच केला. असा प्रश्न आला की उत्तर द्यायचं नाही, सरळ वर बघायचं. विचारणारा कंटाळतो आणि ज्याला विचारायला हवं त्यालाच विचारतो.

पहिला प्रयोग हॉटेलात झाला. बरोबर आमची सुलू होती. वय चौतीस, जीभ धारदार. वेटरने तिच्याकडे बोट करून मला विचारलं, "यांना काय देऊ?"

मी वर बघितलं. तोही वर बघायला लागला. बराच वेळ आम्ही दोघं वर बघत होतो. मग तो अदबीने म्हणाला, "बाई, पंखा कमी करू?"

सुलू म्हणाली, "पंखा राहू दे. मला मिसळ."

*

एकदा एक मोठे पाहुणे आले. त्यांनी भाषणात या सगळ्यांना 'देवाघरची निरागस फुलं' वगैरे म्हटलं. फुलं मागच्या रांगेत जांभया देत होती. भाषण संपल्यावर पाहुणे खाली उतरले आणि "किती गोड!" म्हणत त्यांनी सुलूचा गालगुच्चा घेतला.

सुलूने खराटा खाली ठेवला, हात पुसले आणि पाहुण्यांचा गालगुच्चा घेतला. चांगला जोरात!

"तुमीपन," ती म्हणाली.

*

याच सुलूचं मतदान. भाऊ तिला केंद्रावर घेऊन गेला आणि मशीनपर्यंत बरोबर यायला निघाला. सुलूने त्याला तिथेच थांबवलं. "तू तुजा दे. मी माजा देते."

आमच्याकडे खोट्या मशीनवर तिने पंधरा दिवस बटण दाबून सराव केला होता. आत गेली, बीप वाजलं, बोटाची शाई मिरवत बाहेर आली. भावाने हळूच विचारलं, "कुणाला दिलंस?"

"गुप्त असतंय," सुलू म्हणाली. भाऊ अजून विचारतोय, आणि आता वहिनीही विचारायला लागली आहे.

*

आता प्रकाश. तिशीतला, डाऊन सिंड्रोम असलेला, खराट्यांचे गठ्ठे उचलण्यात एक नंबर. संगमेश्वर रस्त्यावरच्या एका गावातून तो एसटीने येतो. आधी त्याची आई सोडायला यायची. मग त्याने एकट्याने यायचं ठरवलं.

त्या पहिल्या दिवशी मी भल्या पहाटे त्याच्या गावी गेले आणि त्याच्याच गाडीत मागच्या सीटवर ओढणीत तोंड लपवून बसले. काळजी, दुसरं काय! प्रकाश पुढे बसला, तिकीट काढलं, एकदाही मागे वळला नाही. शहर आल्यावर आमच्या थांब्यावर ऐटीत उतरून गेला. मी खूश!

तेवढ्यात कंडक्टर माझ्याजवळ आला. "उतरा बाई, मारुती मंदिर आलं. तो पुढचा दादा सांगून गेलाय, मागे आमच्या बाई बसल्यात, त्यांना एकटीने फिरायची सवय नाही, त्यांना नीट उतरवा."

*

या प्रकाशचं एकच मागणं होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची. त्याच्या वयाचे सगळे नाचवतात. मुंबईला गेलेले त्याचे चुलतभाऊ दोन दिवसांसाठी येतात आणि नाचवून जातात. प्रकाशला मात्र दरवर्षी एकच उत्तर, "पुढच्या वर्षी बघू." आपलं गाव आपल्याला जमेस धरत नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. शिमगा झाला की आठवडाभर तो कुणाशी बोलायचा नाही, आणि ते मला बघवायचं नाही.

गेल्या खेपेला मी तावातावाने गावचे मुख्य मानकरी तात्या यांच्याकडे गेले. कायदा सांगितला, हक्क सांगितले, समान सहभाग सांगितला. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा शंभर टक्के बराबर हाय."

"मग?"

"पुडच्या वर्षी बगू."

*

तात्यांना भीती होती ती पालखी पडायची. म्हणून आम्ही तयारीला लागलो. बाकड्याला दोन बांबू बांधले, वर एक कलिंगड ठेवलं आणि कार्यशाळेच्या अंगणात पालखी सुरू! सुलू पत्र्याच्या डब्यावर ढोल वाजवत होती. पुढे प्रकाश, मागे बाकीचे. प्रकाश बसला, उठला, त्याने गिरक्या घेतल्या. कलिंगड जागचं हललं नाही.

मग मला हौस आली. मी खांदा लावला.

कलिंगड गोड निघालं.

*

यंदा शिमग्याला प्रकाशने मला घरी बोलावलं. पालखी त्यांच्या अंगणात आली, टेकली, ओटी भरून झाली. मग तात्या गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे त्या घरासाठी देवाकडे मागणं. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं असतं. वाक्य काय आहे ते फारसं कुणी ऐकत नाही. तोंड आपोआप उघडतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या पोराला, परकाशला, बरा कर, शाना कर!"

"व्हय म्हाराजा!"

दरवर्षीचंच हे मागणं. प्रकाशची आई डोळे पुसायला लागली. तात्यांनी हात खाली घेतले, आणि प्रकाश हातात नारळ घेऊन पुढे आला. आवाज अगदी तात्यांसारखा लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळं अंगण ओरडलं.

"मी प्रकाश!"

"व्हय म्हाराजा!"

"मी बरा हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ही लोकं सारखी पुडच्या वर्षी बोलतात!"

"व्हय म्हाराजा!" तात्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

"ह्या वर्षी पालकी मी घेनार!"

"व्हय म्हाराजा!" बाया, पोरं, मुंबईकर, ढोलवाले, सगळे एकदम!

मग माना एकमेकांकडे वळल्या. देवासमोर आपण काय बोलून बसलो ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. तात्या पालखीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, ह्याला जमेल ना?"

मी वर बघितलं. वर आंब्याची फांदी होती, कैऱ्या चांगल्या धरल्या होत्या.

तात्याही थोडा वेळ कैऱ्या बघत राहिले. मग खाकरले आणि वळले.

"परकाश," ते म्हणाले, "उजवा खांदा लावतोस का डावा?"