दुधाच्या गाडीतल्या विभागप्रमुख

कुमुद उजागरे मूळची नगरची, पण लग्न होऊन दिल्लीला आली ती तिथलीच झाली. नवरा विनायक केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात आणि कुमुद एका सरकारी इस्पितळात समाजसेविका. मनानं वेड्यावाकड्या झालेल्या माणसांच्या शहाण्या नातेवाइकांना समजावणं हे तिचं काम. ती म्हणे, पेशंट लवकर ऐकतो, नातेवाईक नाही ऐकत.

दिल्लीच्या मुनिरक्यातलं भाड्याचं घर सोडून दोघं मुलीला घेऊन हरियाणातल्या सूरजविहार नावाच्या नव्या उपनगरात राहायला गेली. चारी बाजूंना मोहरीची शेतं आणि मधोमध उंच उंच इमारती, जणू कुणी चुकीच्या पत्त्यावर आणून उतरवल्यात. घराघरांत केबल टीव्ही होता, रस्त्यात म्हशी होत्या आणि लिफ्टमध्ये लोक एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणायला शिकत होते. नवं शहर म्हणजे नवी खाती हवीत, म्हणून तिथल्या नगरपालिकेनं 'मानसिक स्वास्थ्य एवं नशामुक्ति विभाग' काढला. त्याच्या प्रमुखपदासाठी कुमुदनं अर्ज केला आणि ती निवडली गेली.

"पानिपतानंतर मराठी माणसानं हरियाणात जबाबदारीचं पद घेऊ नये," विनायकराव म्हणाले.

"अहो, फ्लॅट घेतलात तेव्हा कुठे गेलं होतं पानिपत?"

"तेव्हा बाल्कनी आवडली होती," ते म्हणाले आणि पेपरामागे गेले.

विभागाला नगरपालिकेच्या बागेमागची खोली मिळाली. पूर्वी तिथे पाण्याचा पंप होता. खात्यात माणसं दोन: स्वतः कुमुद आणि ड्रायव्हर रामफल. रामफल अग्निशामक दलातून आलेला, घरंदाज पहिलवान, दुधाखेरीज काही पीत नसे. गाडी मात्र नव्हती. त्यामुळे रामफल रोज सकाळी येई, हात जोडी आणि नसलेल्या गाडीची वाट बघत बसे.

पेशंट कुणी येईना. वेड्यांच्या दारात शिरताना शेजाऱ्यानं पाहिलं म्हणजे? आले ते लोक पाण्याचं बिल कुठे भरायचं हे विचारायला. एका गृहस्थांनी पाटी नीट वाचली, आत येऊन हळूच विचारलं, "सासूबाईंना इथे ठेवून घेता का?" नाही म्हटल्यावर ते फार निराश झाले. कुमुदनं त्यांना बसवून घेतलं असतं, पण ते निराश अवस्थेतच पळाले.

शेवटी कुमुद प्रशासकसाहेबांकडे गेली.

"मॅडम, पेशंट येत नाहीत म्हणजे शहर निरोगी आहे. बढ़िया!" साहेब म्हणाले.

"साहेब, काल तुमच्या गेटसमोर एक माणूस बैलाशी भांडत होता."

"कोण जिंकलं?"

"बैल. साहेब, लोक येत नसतील तर आपण जाऊ. मला गाडी द्या."

त्या काळात हरियाणात दारूबंदी होती आणि दिल्लीत नव्हती. मधे हद्द म्हणजे एक रस्ता. तेव्हा माल कसा आणि कशातून येई ते विचारू नका. पकडलेल्या गाड्यांनी मैदान भरलं होतं. साहेबांनी त्यातली एक विभागाला दिली. पांढरी व्हॅन, दोन्ही बाजूंना हसणारी गाय, खाली 'शुद्ध ताज़ा दूध'. रंग बदलायला मंजुरी मिळेना. हॉर्न दाबला की गाय हंबरावी तसा आवाज निघे, आणि तारांमध्ये काही बिघाड असल्यानं ब्रेक दाबला तरी निघे.

रामफलला गाडी मिळाल्याचा एवढा आनंद झाला की पहिल्या दिवशी त्यानं ती आग लागल्यासारखी पळवली. इमारतींच्या मागे जे जुनं गाव उरलं होतं, तिथल्या चौकात त्यानं करकचून ब्रेक मारला. व्हॅन हंबरली, "हम्माऽऽ!"

आणि काय आश्चर्य! गल्ल्यागल्ल्यांतून पुरुष बाहेर पडले. कुणी खाटेवरून उठून, कुणी अर्धी दाढी करून. प्रत्येकाच्या हातात झाकणाची किटली. सगळे शिस्तीत रांगेत उभे. पुढे होते सुभेदार भरतसिंग, फौजेतून निवृत्त, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या.

"राम राम, बीबीजी. दूध सै के?"

"दूध नाही आणलं," कुमुद हिंदीत म्हणाली. "आम्ही तुमच्याशी बोलायला आलोय. मन मोकळं करा."

सुभेदारांनी इकडे तिकडे पाहून एक डोळा मिटला. "समझ गए. पुलिस सै आसपास. कल आणा."

कुमुद घरी आली ती भारावून. "अहो, काय निर्मळ माणसं! दुधासाठी म्हातारे कोतारे पळत येतात. रामफलही म्हणाला, मॅडम, हे आमचं खरं हरियाणा."

"मग उद्या दूध ने," विनायकराव म्हणाले. पुढे कित्येक वर्षं ते हे वाक्य आपलं नव्हतंच असं सांगत.

दुसऱ्या दिवशी कुमुदनं डेअरीतून कॅन भरून घेतले. चौकात व्हॅन हंबरली. कालच्यापेक्षा लांब रांग. आता तर शेजारच्या गावचेही आले होते. रामफल मापानं ओतत होता, कुमुद प्रत्येकाला "घ्या, भरपूर घ्या" म्हणत होती. सुभेदारांनी किटली तोंडाला लावली. एक मोठा घोट घेतला. थांबले. मिशा पांढऱ्या झाल्या.

"बीबीजी," ते मिशा पुसत म्हणाले, "यो तो दूध सै!"

रांगेतल्यांनी आपापल्या किटल्या हुंगल्या. मग एकच गलका. धोका! मिलावट! एकजण ओरडला, आता दुनियेत कशावरही भरवसा राहिला नाही. रामफल छाती काढून म्हणाला, "असली गाय का है!" तेव्हा तर लोक जास्तच खवळले.

कुमुदच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. व्हॅन कुणाची, हंबरणं कसलं आणि काल सुभेदारांनी डोळा का मिटला, सगळं एका झटक्यात. तिला आधी घाम फुटला, मग हसू. हसू आवरेना म्हणून ती गाडीच्या पायरीवर बसली. तिच्या शेजारी सुभेदार बसले आणि रडायला लागले.

दुधाचं निमित्त होतं. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळ कशी काढायची ते कळत नाही, मुलानं जमीन विकून टॉवरमध्ये घर घेतलं, तिथे लिफ्टमध्ये जीव घुसमटतो, खाली येऊन बसावं तर खाट ठेवायला वॉचमन हरकत घेतो. सुभेदार बोलत गेले. कुमुद ऐकत गेली. बाकीचे आधी तमाशा म्हणून थांबले, मग एकेकजण खाली बसला.

तेवढ्यात बायका आल्या. हंबरण्याचा अर्थ त्यांना नवऱ्यांइतकाच ठाऊक होता आणि त्या लाटणी घेऊन आल्या होत्या. बघतात तर नवरे दूध पीत बसलेले आणि एकजण मनातलं सांगतोय. एका बाईनं लाटणं खाली टाकलं. "याला काय झालं? घरी तर तोंड उघडत नाही!" मग ती बोलायला लागली, आणि तिला थांबवायला संध्याकाळ झाली.

अशी विभागाची गाडी चालू लागली. व्हॅन हंबरे, पुरुष सवयीनं येत, बायका त्यांना पकडायला येत आणि दोघं कुमुदला सापडत. कुणाला झोप येत नसे, कुणाच्या अंगात येई, एका तरुणाला कंपनीत इंग्रजीत जांभई कशी द्यायची याची धास्ती बसली होती. दारू सोडायची असे त्याला कुमुद स्वतः इस्पितळात नेई. बाकीच्यांना दूध. देविका, कुमुदची कॉलेजातली मुलगी, मैत्रिणींना सांगे, "माझी आई मेंटल हेल्थमध्ये आहे, बट बेसिकली दूधवाली आहे यार."

मग एक दिवस हद्दीवरच्या नाक्यावर नव्या हवालदारानं पकडलेल्या गाड्यांच्या जुन्या यादीवरून व्हॅन ओळखली.

"फिर आ गई! इस बार तो औरत चला री सै धंधा!"

"मी विभागप्रमुख आहे," कुमुद म्हणाली.

"और मैं राज्यपाल," हवालदार म्हणाला. त्यानं सगळ्या कॅनमधलं दूध चाखून पाहिलं, काही सापडेना तेव्हा त्याचा संशय आणखी पक्का झाला. दोघांना ठाण्यात नेलं. रामफल वाटेत म्हणत राहिला, "मॅडम, माझ्या आईला सांगू नका."

विनायकराव धावत आले. ठाणेदार लालबुंद डोळ्यांचे, दमलेले.

"उजागरे? ये कौन लोग?"

"मराठी," विनायकराव म्हणाले.

"अच्छा! मैं पानिपत का हूँ. आपके लोग आए थे हमारे यहाँ."

विनायकराव पांढरेफटक पडले. "हो, जरा... मुक्काम लांबला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

बाहेर गलका झाला. गावातल्या बायका ठाण्याला वेढा घालून उभ्या होत्या. कुणालाच विभागाचं पूर्ण नाव येत नव्हतं, म्हणून त्या ओरडत होत्या, "दूधवाली डाक्टरनी को छोड़ो!" त्यांच्यामागे सुभेदार पूर्ण गणवेशात, पदकं लावून.

ठाणेदारांनी डोकं धरलं. कुमुदनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "साहेब, तुम्ही किती दिवस झोपला नाहीत?"

ठाणेदारांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. मग त्यांनी दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं उघडलं तेव्हा त्यांचे डोळे अजूनच लाल होते, पण चेहरा हलका. त्यांनी हवालदाराला फर्मावलं, "मॅडम के लिए चाय ला. और इनका दूध गरम कर, सबको पिला."

पुढे दारूबंदी उठली. चौकाचौकात दुकानं उघडली, माणसं उघड रांगा लावू लागली. प्रशासकसाहेब म्हणाले, आता विभाग कशाला, चोरून पिणारं कुणी उरलंच नाही. कुमुद त्यांना म्हणाली, "साहेब, आत्ता तर सुरुवात आहे." तिनं एवढा हट्ट धरला की साहेबांनी कंटाळून नव्या बाजारसंकुलात एक खोली दिली. खालच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर होतं, त्यामुळे बायकांना कुठे चाललो हे सांगणं सोपं झालं. नवरे विचारत, इतका वेळ पार्लरमध्ये जाऊनही चेहरा तोच कसा?

सुभेदार दुकानं उघडल्यावर घसरले. महिनाभर दिसले नाहीत. कुमुदनं निरोप पाठवले, रामफल दोनदा जाऊन हात हलवत परत आला. मग एका सोमवारी जिन्यावर काठी वाजली. सुभेदार एक एक पायरी मोजून चढत होते, मिशा खाली, दाढी वाढलेली. दारात उभे राहून ते हिंदीत म्हणाले, "बीबीजी, आज मला कुणी बोलावलं नाही. मीच आलोय."

कुमुदनं खुर्ची पुढे सरकवली. "बसा, सुभेदारसाहेब," ती म्हणाली, "आधी दम घ्या, मग बोलू."