टिकल्यांचा नकाशा

कपाळाला कधीही टिकली न लावणाऱ्या आंटी दौंडच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं मात्र हौसेनं आणायच्या. म्हणून गल्लीनं त्यांचं नाव टिकलीआंटी पाडलं होतं. यजमान रेल्वेत ड्रायव्हर, घर आमच्या भिंतीला भिंत लागून. बाहेरच्या खोलीत जगाचा मोठा नकाशा होता आणि जिथं जिथं कॅथलिक माणसं पुष्कळ, तिथं तिथं आंटींनी लाल टिकली चिकटवली होती.

"हे बघ मेक्सिको! हितं आपलं घर हाय. आन् ब्राझीलात तर घरंच घरं!" बोट फिलिपाईन्सवर पोचलं की आवाज चढायचा. "एवढाल्या बेटांवर देवळादेवळात आपली मिस्साची प्रार्थना चालते गं!" वसईपलीकडे कधी न गेलेली ही बाई काँगो आणि पोलंडबद्दल माहेरच्या गावासारखं बोलायची. मला भूगोल आवडला तो त्या भिंतीपाशीच.

पूर्व तिमोर स्वतंत्र झाल्याचं ऐकलं तेव्हा त्या पिठाच्या हातांनी आमच्याकडे धावत आल्या. "नवा देश आलाय! जवळजवळ सगळा आपला!" टिकली लावली, तर तिच्याखाली अख्खा देशच गडप. आम्ही हसून हसून लोळलो.

"आन् दौंडला टिकली न्हाई व्हय?" आईनं विचारलं.

"आमची इनमिन चार घरं. टिकली लावली तर पुणे जिल्हा झाकायचा."

पुढं बदल्या होत गेल्या आणि त्या चारांतलीही तीन घरं उठली. ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती एकेका घरी मुक्कामाला जायची, तिथं सगळे जमून जपमाळ म्हणायचे. त्या वर्षी मूर्ती आंटींच्याच घरात बसून राहिली. "जगभर हिची घरं," आंटी डोळे पुसत म्हणाल्या, "आन् दौंडात दुसरा उंबरा न्हाई."

आई ताडकन उठली. "आमचा उंबरा काय पडलाय? आना तिला."

संध्याकाळी मूर्ती आली. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाट मांडला, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि चक्क मरियामातेची खणानारळानं ओटी भरली! आंटींना हे चालेल का? मी आंटींकडे पाहिलं. त्या मूर्तीकडे बघत राहिल्या होत्या.

"मेक्सिकोची माउली तिथल्या मान्सांसारखी सावळी हाय, फादर सांगायचे," त्या म्हणाल्या. "मग दौंडची अशीच असनार की!" आणि टाळी देऊन हसल्या. जपमाळ आम्हाला येत नव्हती, पण प्रत्येक 'आमेन' आमच्या घरानं मेंढरांना हाकारावं तशा खणखणीत आवाजात म्हटलं.

यजमान निवृत्त झाले आणि आंटी लेकीकडे वसईला निघाल्या. आई आणि मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीच्या खिडकीतून त्यांनी गुंडाळलेला नकाशा माझ्या हातात दिला. मी फलाटावरच उघडला. नकाशात दौंड छापलेलंच नव्हतं. पुण्याच्या जरा उजवीकडे, अंदाजानं, एक नवी टिकली होती.

मला रडू आवरेना. "आंटी, तुमी चालला. आता हितं तुमचं कोनीच न्हाई!"

गाडी हलली होती. आंटींनी हात बाहेर काढून थेट माझ्या आईकडे बोट केलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हाय की! हितं आपलं घर हाय!"