मंडपवाल्या काकीचे चॅनल

कडावची मंडपवाली काकी एका दमात पाच जणांना शिव्या द्यायची, आणि ज्याची शिवी त्यालाच पोचायची. सगळ्यात मोठी माझी. मी तिचा टेंपो चालवायचो.

प्रत्येक लग्नाचा तिनं फोनवर वेगळा ग्रुप केला होता. त्याला ती टीवीसारखं चॅनल बोलायची. त्यात नवरीकडचे, नवऱ्याकडचे, आचारी, साउंडवाला आणि मी. लग्नसराईत एवढे चॅनल व्हायचे की सकाळी वर दिसलेलं लग्न दुपारी शोधून सापडायचं नाय.

माझी शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं येतात, पण एकेक. नावाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. म्हणून मी आपला बोलून पाठवायचो. एकदा कशेळ्याचं लग्न आटपलं, तसा मी झोकात बोललो, "मंडप सोडायला येतोय हो!" गेलं शिळफाट्याच्या चॅनलवर. तिथं अजून हळद पण लागली नव्हती. नवरीचा बाप फोनवर रडकुंडीला, "काकी, लग्न मोडलं का काय? आमाला कोणी बोललंच नाय!"

काकीचा भाचा निलेश बोलला, "आत्ते, कम्प्युटर घे आणि डायवर बदल." काकीनं कम्प्युटर घेतला. दुसऱ्या गोष्टीवर बोलली, "आधी चॅटचा प्रोग्राम ठरवू, मग बाळ्याचं बघू." त्या दिवशी मला घरचं जेवण गेलं नाय. वडापाव गेले, पण ते वेगळं.

निलेशनं तीन प्रोग्राम आणले. फोनवर पण तेच दिसणार होते. काकी बोलली, "बाळ्याला जमंल तोच घ्यायचा. ह्याला जमला म्हणजे गावाला जमला."

पहिल्यात नवा मेसेज आला की ते चॅनल उडी मारून वर. मी कशेळ्यावर बोट न्यायचो, तेवढ्यात खाली दुसरीच नवरी यायची. दुसरा लई देखणा, पण त्यात बोलून पाठवायची सोयच नाय. निलेश बोलला, "हाच घे आत्ते, सगळं लिहून राहतं." मी मनात टेंपोची चावी काकीच्या हातात ठेवून पण मोकळा झालो.

तिसरा उघडेपर्यंत चहा पिऊन यावं. पण चॅनल लावू तिथंच बसायचं, बोलून पाठवता यायचं, आणि प्रत्येकावर फोटो. काकीनं नवरानवरीचे फोटो लावले. निलेश बोलला, "सांग शिळफाट्याला, खुर्च्या निघाल्या." मी नवरीचा चेहरा बघितला, बटण दाबलं, बोललो. बरोबर गेलं! काकीनं टाळी वाजवली, मी पण वाजवली, माऊस खाली पडला.

"आत्ते, एका डायवरसाठी असला रडका प्रोग्राम?"

"प्रोग्राम रडू दे रं. नवरीचा बाप रडायला नको. आणि चिखलातून मंडप काढणारं असलं गाढव मला कुठं गावणार?"

आयुष्यात माझी एवढी तारीफ कोणी केली नाय.

आता गुडघ्यांमुळं काकी लेकीकडं नेरुळला ऱ्हाते. कम्प्युटर तिकडंच नेला, मंडप तिकडनंच चालवते. आमच्या दोघांचं एक वेगळं चॅनल हाय. त्यात रोज सकाळी तिचा आवाज येतो, "निघालास का रं?"

मी गोधडीतनं बोलतो, "कधीच! कशेळ्याच्या पुढं आलो, काकी."

लगेच उत्तर येतं, "मग टेंपोत कोंबडा कोणाचा आरवतोय?"

लिहायला शिकलो असतो, तर खोटं पचलं असतं.